मेळघाटातलं गांडूळ नवीन आहे, हे ठरवायचं कसं?

पावसाळा लागला की आमच्या भागातल्या बीएस्सीच्या पोरांचे फोटो यायला लागतात. धुऱ्यावरचं लांबलचक गांडूळ, नाल्याकाठचं निळसर गांडूळ, मापासाठी चपलेशेजारी ठेवलेलं गांडूळ, आणि खाली एकच प्रश्न: सर, नवीन जात तर नाही? फोटोवरून गांडुळाची प्रजाती बहुतेक वेळा सांगता येत नाही, कारण ज्या खुणांवर ती ठरते त्यातल्या निम्म्या तरी पोटात असतात. पण प्रश्न वेडा नाही. भारतात गांडुळांच्या चारशेहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे. त्यातला मोठा वाटा पश्चिम घाट आणि ईशान्येकडचा. मेळघाट, नवेगाव, भामरागडच्या पानझडी जंगलांत त्या मानाने फारच कमी जणांनी खोदून पाहिलं आहे.

ज्यांना हे खरंच करून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. एक आधीच सांगतो: खोदणं हा यातला सगळ्यात छोटा भाग. हे गांडूळ आधी नाव दिलेल्यांपैकी कोणतंच नाही, हे दाखवण्यात खरा वेळ जातो.

कागद आधी, कुदळ नंतर

गांडूळ वन्यजीव कायद्याच्या कुठल्या अनुसूचीत नाही, म्हणून ते कुठूनही उचलावं असं पुष्कळांना वाटतं. तसं चालत नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात संशोधनासाठी जायचं तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ते कार्यालय नागपुरातच आहे, ही त्यातल्या त्यात सोय. बाकीच्या जंगलासाठी त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज करा. अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर आणि मार्गदर्शकाच्या सहीने जाऊ द्या. सुट्या माणसाच्या अर्जाकडे कोणी बघत नाही.

गडचिरोलीकडे आणखी एक गोष्ट पाळायची. तिथल्या अनेक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. मेंढालेखाला तो २००९ मध्ये मिळाला आणि नंतर आजूबाजूच्या कितीतरी गावांना मिळाला. अशा गावाच्या जंगलात ग्रामसभेला विचारल्याशिवाय सब्बल मारू नका. "नेऊन काय करणार, विकणार का?" हा प्रश्न हमखास येईल. त्याचं सरळ उत्तर तयार ठेवा.

परदेशातल्या ओळखीच्या शास्त्रज्ञाला बाटली पोस्टाने पाठवण्याचा विचार तर मनातही आणू नका. जैविक विविधता कायदा २००२ लागू आहे, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय नमुने बाहेर पाठवणं अंगाशी येतं.

परवानगी येईपर्यंत हात चोळत बसू नका. स्वतःच्या वावरात, गोठ्यामागे, उकिरड्यावर सराव करा. तिथे सापडणारी गांडुळं नीट ओळखता आली नाहीत, तर जंगलातलं वेगळं आहे हे तुम्हाला कळणार कशावरून?

कधी आणि कुठे खोदायचं

मृगाच्या पहिल्या पावसात गांडुळं वर येतात आणि सगळ्यांना दिसतात. आपल्याला मात्र ती फारशी उपयोगाची नसतात, कारण तेव्हाची बरीचशी अर्धवट वाढलेली असतात. प्रजाती ठरवायला प्रौढ गांडूळ लागतं. प्रौढाची खूण म्हणजे तोंडाकडच्या भागात अंगाला वेढणारा जाड, फिकट किंवा गडद पट्टा, म्हणजेच क्लायटेलम. आश्लेषा-मघापासून पोळ्याच्या पुढेमागे, ऑगस्ट-सप्टेंबरात असे प्रौढ जास्त मिळतात. दिवाळीनंतर जमीन वाळत जाते, तसतशी गांडुळं खोल जाऊन गुंडाळी करून पडून राहतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगांत डोकावून काही हाती लागणार नाही.

मेळघाटात सागाखालची उताराची मुरमाड जमीन लवकर निथळते. तिथे वेळ घालवण्यापेक्षा नाल्याकाठी कहू-जांभळाखाली, बांबूच्या बेटात, कुजक्या ओंडक्याखाली, साचलेल्या पाल्यात पाहा. चिखलदऱ्याच्या पठारावर उंची आणि पाऊस दोन्ही जास्त, त्यामुळे खाली धारणीकडे जे मिळतं तेच वर मिळेल असं धरून चालू नका. पूर्वेकडे भाताच्या बांधीत आणि तलावांच्या पाळीवर वेगळीच गांडुळं असतात. उंची, माती आणि झाडोरा बदलला की नवा खड्डा आणि नवी बाटली.

पद्धत साधी आहे. २५ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आखून ३० सेंटिमीटर खोल माती काढायची, ती प्लास्टिकच्या कापडावर टाकायची आणि हाताने ढेकळं फोडत गांडुळं वेचायची. किती जागेत किती मिळाली, हेही त्यामुळे लिहिता येतं. मोहरीच्या पुडीचं पाणी, लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास, ओतलं तर खालची गांडुळं चरफडत वर येतात. पण चिकण काळ्या मातीत पाणी मुरतच नाही, तिथे हा उपाय फसतो. कुदळीपेक्षा दाताळी बरी, कारण तुटलेलं गांडूळ वर्णनाला अपुरं पडतं. त्यातही तोंडाकडचा अर्धा भाग शाबूत असेल तर काहीतरी करता येतं. नुसती शेपटी हाती आली तर काहीच नाही.

एकटे जाऊ नका. मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना खाली वाकलेल्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या चंद्रपूर-गडचिरोलीत आपण वाचतोच. गांडूळ शोधणाराही तसाच वाकून बसलेला असतो. एकाने खोदायचं आणि दुसऱ्याने उभं राहून चौफेर नजर ठेवायची. वनरक्षक किंवा गावातला जाणता माणूस सोबत असलाच पाहिजे. ओंडका उलटवताना तो आपल्या बाजूला ओढायचा, म्हणजे पलीकडे विंचू किंवा साप असला तर त्याला निघून जायला वाट राहते. ओंडक्याखाली चकाकणारा, बारीक, सरसर पळणारा जीव दिसला तर तो वाळा असू शकतो. त्याला खवले असतात आणि तो जीभ बाहेर काढतो. तो साप आहे, बिनविषारी आहे, त्याला सोडून द्या.

ओळखीची मंडळी आधी बाद करा

जंगलात सापडलं म्हणजे जंगलातलंच, असं नसतं. रोपवाटिकेत गांडूळखत येतं, रोपांच्या पिशव्यांतून ते लागवडीच्या जागी जातं आणि त्यासोबत खताची गांडुळंही जातात. विश्रामगृहाच्या बागेजवळ सापडलेल्या 'नव्या' गांडुळाकडे म्हणूनच आधी संशयाने बघा.

गांडूळखताच्या टाक्यात प्रामुख्याने दोन विदेशी जाती असतात. आयसेनिया फेटिडाच्या अंगावर तांबूस आडवे पट्टे असतात आणि क्लायटेलम बरंच मागे, २४व्या खंडानंतर (खंड म्हणजे अंगाचा वळ्यासारखा एकेक भाग) कुठेतरी सुरू होऊन ३२च्या आसपास संपतं. युड्रिलस युजिनी हे आफ्रिकेतून आलेलं, जांभळट चमकेचं, तरतरीत गांडूळ. देशी पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटसही खतात आणि शेणात भरपूर असतं. शेतात लॅम्पिटो मॉरिटी तर जवळपास देशभर सापडतं. कॉलेजच्या पुस्तकातलं फेरेटिमा पोस्थुमा, ज्याला आता मेटाफायरे पोस्थुमा म्हणतात, त्याचं क्लायटेलम १४ ते १६ या तीन खंडांवर असतं. एवढ्या पाचांची चांगली ओळख झाली की तुमच्या गोळा केलेल्या ढिगातला बराच माल तिथेच निकालात निघतो.

मारणं, ताणणं, टिकवणं

हा भाग घाईने उरकणाऱ्यांचे नमुने पुढे कोणी हातात घेत नाही. जिवंत गांडूळ थेट फॉर्मेलिनमध्ये टाकलं की ते आक्रसतं, पिळवटतं, आणि मग त्याचे खंड मोजणं ही शिक्षाच होते. गांडूळ आधी स्वच्छ पाण्यात धुवा. उथळ ताटलीत जेमतेम बुडेल एवढं पाणी घ्या आणि त्यात थोडं थोडं अल्कोहोल घालत जा. चिमट्याने स्पर्श केल्यावर हालचाल होत नाही असं दिसलं की मगच पुढचं काम. जिवंत असतानाचा रंग वहीत लिहा आणि फोटो काढा, कारण बाटलीत गेल्यावर रंग राहत नाही.

आता क्रम चुकवू नका. डीएनएसाठी शेपटीकडचा छोटा तुकडा कापून शुद्ध अल्कोहोलच्या वेगळ्या कुपीत ठेवायचा, तोही फॉर्मेलिन लावण्याच्या आधी. फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो. शेपटीचा तुकडा अशासाठी, की ओळखीच्या बहुतेक सगळ्या खुणा पुढच्या अर्ध्या भागात असतात. मग उरलेलं गांडूळ ट्रेमध्ये सरळ ताणून ठेवा आणि त्यावर फॉर्मेलिन ओता. बाजारातलं फॉर्मेलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, हे प्रमाण. दिवसभराने गांडूळ ताठ होतं. ते पाण्यात धुवून ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये कायमचं ठेवायचं. फॉर्मेलिन घातक आहे. हे सगळं ओसरीत किंवा उघड्यावर, हातमोजे घालून करा, स्वयंपाकघराच्या आसपास तर अजिबात नाही. अल्कोहोल कॉलेजच्या प्रयोगशाळेमार्फतच घ्या. हँड सॅनिटायझर चालेल का, असं विचारतात. नाही चालत.

एकाच ठिकाणची आठ-दहा प्रौढ गांडुळं मिळाली तर उत्तम. एकट्या नमुन्यावर प्रजाती उभी करता येते, पण एखाद्याच गांडुळात दिसणारी खोड आणि अख्ख्या प्रजातीची खूण यातला फरक त्यावरून सांगता येत नाही.

बाटलीतली चिठ्ठी

चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची, जाड कागदावर, पेन्सिलने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि बाहेर चिकटवलेलं लेबल गळून पडतं. त्यावर जिल्हा, तालुका, गाव, नाल्याचं किंवा वनखात्याच्या कंपार्टमेंटचं (जंगलाच्या आखलेल्या तुकड्याचं) नाव, जीपीएसचे आकडे, उंची, तारीख, माती आणि झाडी कशी, किती खोल मिळालं, कोणी वेचलं, आणि एक क्रमांक. तोच क्रमांक वहीत, तोच शेपटीच्या कुपीत. "मेळघाट, ऑगस्ट" एवढंच लिहिलेली बाटली शोभेला ठेवावी. तिच्यातलं गांडूळ खरोखर नवीन असलं तरी ते कुठलं, हे पुढच्या माणसाला सांगता येणार नाही.

खंड मोजणं: इथेच सगळं ठरतं

स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो. तालुक्याच्या कॉलेजात एखादा असतोच, धूळ पुसून घ्या. गांडूळ अल्कोहोल घातलेल्या ताटलीत बुडवून ठेवा, कोरडं पडलं तर चकाकीमुळे काही दिसत नाही.

तोंडावर पुढे आलेली ओठासारखी पाळी खंड म्हणून मोजायची नाही. तिच्या मागचा, तोंडाभोवतीचा खंड पहिला. त्यावर सीटा, म्हणजे बारीक कडक केस, नसतात. ते दुसऱ्या खंडापासून सुरू होतात. ही सीटांची रांगच तुमचा आधार. बऱ्याच गांडुळांच्या एकेका खंडावर आडव्या आणखी एक-दोन रेघा असतात, त्यामुळे एकच खंड दोन किंवा तीन वाटतात. रेघा मोजल्या तर गणित बिघडतं. सीटांची रांग मोजली तर बिघडत नाही, कारण एका खंडावर तिची एकच कडी असते. दर पाचव्या खंडावर अगदी बारीक टाचणी टोचून खूण केली तर पुन्हा पहिल्यापासून यावं लागत नाही. मोजणी दोनदा करा, आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसाला करू द्या.

सीटा कशा मांडलेल्या आहेत, तेही पाहा. काहींत प्रत्येक खंडावर आठच असतात, चार जोड्यांनी. तेव्हा जोडीतलं आणि दोन जोड्यांमधलं अंतर मोजून प्रमाण लिहायचं. काहींत खंडाभोवती गोल कडंच असतं, तेव्हा ठरावीक खंडांवरची संख्या मोजायची.

मग पोटाची बाजू. क्लायटेलम कुठल्या खंडापासून कुठल्या खंडापर्यंत? मादीचं छिद्र कुठे, नराची छिद्रं कुठे? जोडीदाराकडून आलेले शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्यांना स्परमॅथिका म्हणतात. त्यांची छिद्रं कुठल्या दोन खंडांमधल्या खाचेत आहेत आणि किती जोड्या? आजूबाजूला उंचवटे किंवा खळगे आहेत का? सातव्या-आठव्या खंडामधली खाच ७/८ अशी लिहितात. समजा स्परमॅथिकेची एकच जोडी ७/८ मध्ये, नराची छिद्रं १०/११ मध्ये आणि पाठीवर छिद्रं नाहीत असं दिसलं, तर तुम्ही ड्रॅविडा या प्रजातिगणाच्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाच्या, दारात आहात. मेटाफायरेसारख्यांत नराची छिद्रं १८व्या खंडावर असतात. मोजणीत एक खंड सरकला की ओळख भलतीकडेच जाते, म्हणून इतका आग्रह.

पोट उघडणं

मेणाच्या ट्रेमध्ये, पाण्याखाली. चीर पाठीवर, मधल्या रेषेच्या जरा बाजूला घ्या, म्हणजे पाठीवरची रक्तवाहिनी वाचते. कात्रीचं टोक वर उचलून धरा, आत खुपसू नका. दोन्ही कडा टाचण्यांनी पसरवून लावा आणि टाचण्या बाहेरच्या बाजूला तिरप्या ठेवा. खंडांमधले पडदे एकेक करून सोडवायचे, आणि कुठला पडदा जाड, कुठला पातळ, कुठला गायब, हे सोडवतानाच लिहायचं. नंतर आठवत नाही.

आत सगळ्यात आधी नजरेत भरते ती पेषणी, अन्न भरडणारा टणक, चमकदार गोळा. मेटाफायरेत ती एकच असते. ड्रॅविडात बाराव्या खंडाच्या आसपास किंवा मागे एकापाठोपाठ एक अशा दोन किंवा जास्त पेषण्या दिसतात. त्या पाहिल्या की बाहेरून केलेला अंदाज पक्का होतो. पुढे हृदयांची शेवटची जोडी कुठल्या खंडात, आतडं कुठून सुरू होतं, वृषणं एका जोडीत की दोन. प्रोस्टेट ग्रंथी फुलकोबीच्या तुकड्यासारखी फुललेली आहे की लांबट नळी आहे. स्परमॅथिकेची पिशवी, तिची नळी, तिला फुटलेल्या छोट्या फांद्या, हे सगळं काढून मायक्रोस्कोपखाली चित्रात उतरवायचं. चित्र हाताने काढा. मोबाईलच्या फोटोत सगळंच सारखं दिसतं. हाताने काढताना मात्र कुठली नळी कुठे जाते, याचा निर्णय घ्यावाच लागतो. एका ड्रॅविडापासून दुसरं वेगळं ठरतं ते बहुधा याच भागांच्या आकारावर.

एक सावधगिरी. काही गांडुळं जोडीदाराशिवायच पिल्लं देतात, आणि अशांत प्रोस्टेट किंवा स्परमॅथिका खुजी असते, नाहीतर नसतेच. "प्रोस्टेट नाही, म्हणून नवीन" अशा घाईने पूर्वी नावं दिली गेली आहेत आणि नंतर ती रद्द करावी लागली आहेत.

जुन्या नावांशी झुंज

आता खरी मेहनत. स्टिफन्सन यांचा १९२३चा ब्रिटिश इंडियाच्या प्राणिमालिकेतला ग्रंथ इंटरनेटवर मोफत मिळतो. जुना आहे, त्यातली बरीच नावं बदलली, तरी सुरुवात तिथूनच करावी. ऑक्टोकिटिडी कुळासाठी जुल्का यांचा १९८८चा ग्रंथ आहे, तो झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने छापला. या पुस्तकांतल्या किल्ल्या, म्हणजे खुणांवरून पायरीपायरीने ओळख पटवणारे तक्ते, वापरून प्रजातिगणापर्यंत पोचा. मग त्या गणातल्या भारतातल्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन मिळवा आणि तक्ता करा: डावीकडे प्रजाती, वर खुणा, शेवटची ओळ आपल्या गांडुळाची. एका खुणेचा फरक पुरेसा नाही. लांबी, जाडी, रंग यांचा फरक तर धरूच नका. ते गांडूळ कसं मेलं आणि काय खाल्लं, यावरही अवलंबून असतं. सगळ्या प्रौढ नमुन्यांत सारखे दिसणारे, आतल्या अवयवांतले दोन-तीन फरक हवेत.

जवळची प्रजाती सापडली की तिचा मूळ नमुना बघायला मिळतो का ते विचारा. झूलॉजिकल सर्व्हेचं मुख्यालय कोलकात्यात आहे आणि पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात. जर्मन अभ्यासक मिकेलसेन यांनी वर्णन केलेल्या भारतीय गांडुळांपैकी बरीच हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहेत. तिथून निदान फोटो मागवता येतात. इथवर आलात की एखादा अनुभवी गांडूळतज्ज्ञ सोबत घ्याच. त्याचं नाव लेखकांत येईल, येऊ द्या.

डीएनएबद्दल थोडक्यात. सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून जेनबँक या डीएनएच्या जागतिक साठ्यातल्या नोंदींशी ताडतात. "जुळत नाही" याचा अर्थ नवीन असा होत नाही. अनेक भारतीय गांडुळांचा तुकडा तिथे कोणी टाकलेलाच नाही, एवढाच कदाचित त्याचा अर्थ असतो. डीएनए साक्षीदार म्हणून चांगला, निकाल त्याच्यावर सोडू नका.

नाव आणि छपाई

नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेचे, चौथी आवृत्ती, २००० सालापासून लागू. एक नमुना होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार असलेला मूळ नमुना, म्हणून ठरवायचा आणि तो कुठल्या संग्रहालयात ठेवला, हे लेखातच लिहायचं. हे नसेल तर नाव ग्राह्य धरलं जात नाही. वर्णनासाठी वापरलेले बाकीचे नमुने ते पॅराटाइप. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी आणि ती झाल्याचा उल्लेख लेखात हवा. गावावरून नाव द्यायचं तर शेवटी 'एन्सिस', बाईच्या नावावरून 'ई', पुरुषाच्या नावावरून 'आय'. त्याच गणात तेच नाव आधी कोणी वापरलं नाही ना, ते तपासा. स्वतःचं नाव देऊ नये. संहिता आडवी येत नाही, पण लोक हसतात.

लेखात तपासलेले नमुने, थोडक्यात ओळख, सविस्तर वर्णन, नावाची व्युत्पत्ती, जवळच्या प्रजातींशी तुलना आणि अधिवास एवढं यावं. 'झूटॅक्सा', 'रेकॉर्ड्स ऑफ द झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया', कोइमतूरचं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' ही पाठवण्याजोगी ठिकाणं. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, अशा जाहिराती मेलवर येतील, त्या सरळ उडवा.

लेख निघेपर्यंत पेपरवाल्यांना नाव सांगू नका. 'विदर्भाच्या सुपुत्राचा शोध' छापायला जिल्हा आवृत्ती एका पायावर तयार असते. पण वर्णनाशिवाय नाव छापून आलं की त्याला नामकरणात काही किंमत नसते, नुसता गोंधळ मागे राहतो.

होलोटाइप घरच्या कपाटात ठेवायचा नाही. जैविक विविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना ठरवून दिलेल्या भांडारात द्यावा लागतो, आणि प्राण्यांसाठी ते भांडार म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे. जिथे गांडूळ सापडलं त्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही लेखाची प्रत द्या आणि लोक जैवविविधता नोंदवहीत नोंद करून घ्या. कॉलेजात राहिलेल्या बाटल्या दर मार्चअखेर उघडून पाहा. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात अल्कोहोल झाकणातून उडत राहतं. पातळी गांडुळाच्या खाली जायच्या आत भर घाला.